पाचोळ्याला हाळी

३ मार्च, सोमवार

आलो एकदाचा! शेणव्याला उतरलो, तिथून मुरबाडकडं जाणाऱ्या टमटममध्ये एका कोंबडीवाल्या आजीशेजारी बसून थेट कॉलनीच्या गेटपाशी. आजीनं विचारलं, कोनाकडं चाललास रे? म्हटलं, नोकरीवर. तिनं माझ्या बॅगेकडं बघून अशी मान हलवली, की जणू तिनंच मला लावून दिलंय.

वाशिंदच्या कंपनीत सहा वर्षं फोर्कलिफ्ट चालवली. पाळी संपली की लॉगबुक भरायचं. कंपनी बंद पडली, पण लिहायची खोड गेली नाही. इथला कारभार बघणाऱ्या पंकजसाहेबांनी मशीनचे तास लिहायला वही दिली आहे. पुढची पानं मशीनला, मागची माझी.

फार्महाऊसांची कॉलनी आहे. निम्मे बंगले बंदच असतात. सगळीकडं साग, आणि मार्च लागल्यामुळं खाली घोट्याएवढा पाचोळा. मला राहायला पत्र्याची खोली मिळाली आहे. मोरी आत आहे हे फोनवर ऐकून अक्षदा इतकी खूश झाली, की नोकरीचं विचारायचंच विसरली. बायको कशावर भाळेल सांगता येत नाही.

शिमगा झाला की ती आणि छबू येणार. कंपनी गेल्यापासून दोघी उंबरमाळीला, तिच्या माहेरी आहेत. छबू आता नऊ महिन्यांची आहे. मी पंधरा दिवसांनी जातो आणि घ्यायला हात पुढं केले की ती आईच्या मानेला चिकटते. बापाला पाहुणा समजते. इतरांच्या पोरांत ती रडली तर मला तिचा आवाज ओळखता यायचा नाही. हे कुणाला सांगितलं नाही, पण लागतं मनाला. आता इथं तिघं एकत्र राहू.

४ मार्च, मंगळवार

मशीन झकास आहे. लहान लाल ट्रॅक्टर, पोटाखाली गवत कापायची पाती. तिथून एक जाडजूड पाइप निघतो तो मागं ओढायच्या जाळीच्या पेटीत जातो. पेटीच्या तोंडावर पंख्याचं वेगळं इंजिन आहे, ते दोरी ओढून चालू करायचं. पाती पाचोळा उचलतात, पंखा खेचतो आणि चुरा पेटीत पडतो. गेटवरचे कुंडलिकमामा त्याला हत्ती म्हणतात, सोंडेमुळं.

पहिल्याच दिवशी शिकलेल्या गोष्टी: दव वाळल्याशिवाय सुरू करू नये, ओली पानं पाइपच्या वाकणात बसतात. ते काढायचं तर आधी किल्ली खिशात, मग हात आत. पेटी भरली की ओढ्याकडच्या खड्ड्यापाशी रिकामी करायची. दहा बायकांचं काम मी जेवायच्या आधी उरकलं.

पाडव्याला नव्या प्लॉटांचा कार्यक्रम आहे. तोवर झाडाखाली एक पान दिसता कामा नये, असं साहेबांचं म्हणणं. म्हटलं, बघाच तुम्ही.

७ मार्च, शुक्रवार

काल टाकलेला ढीग सकाळी पसरलेला होता. मामा म्हणाले, कोंबड्या असतील. कोंबडी उकरते, मांडत नाही. इथं पानांचे तुकडे एकेक करून शेजारी शेजारी ठेवलेले, खड्ड्यापासून पार कुंपणापर्यंत. बायका तांदूळ निवडताना दाणे बाजूला सारतात, तसे.

वाडीवरच्या पोरांचे उद्योग असतील. मी परत सगळं फावड्यानं लोटलं.

८ मार्च, शनिवार

पुन्हा तेच. कालचा ढीग आणि परवाचाही. मामांना दाखवायला नेलं तर ते अर्ध्या वाटेत थांबले आणि चहा टाकलाय म्हणून मागं फिरले.

१० मार्च, सोमवार

दुपारी बाराच्या सुमाराला, तळ्याकाठच्या सागांत, मशीन चालू असताना बाळ रडल्याचा आवाज आला. किल्ली फिरवली. आवाज बंद. आजूबाजूला चिटपाखरू नाही, बंगलेही बंद. पुन्हा चालू केलं तर पुन्हा रडणं. तान्ह्या पोराचं, श्वास कोंडेपर्यंत. पुन्हा बंद केलं.

पंख्याचा पट्टा घासत असणार. पट्टा बदलला. नव्या पट्ट्यालाही तेच.

१२ मार्च, बुधवार

आज कुंपणापलीकडं एक म्हातारी उभी होती. ओढ्यापलीकडच्या वाडीवरची, मंगळी तिचं नाव. मी ढीग लोटत होतो. ती म्हणाली, नको लोटू, तिचं निवडून व्हायचंय अजून. कुणाचं, विचारलं, तर तिनं सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. जसं सांगितलं तसं लिहितो.

गेल्या वर्षापर्यंत वाडीवरच्या बाया राबासाठी इथला पाला गोळा करून न्यायच्या. भाताचं रोप टाकायच्या जागी तो पसरून भाजायचा. मंगळीची सून रुपाही यायची. एका दुपारी तिनं पाचोळ्यात खळगा केला, लुगड्याची घडी घातली आणि सावलीत पोराला निजवलं. वाऱ्यानं वर पानं पडली असतील. ती चार झाडं पलीकडं पाला भरत होती. त्या दिवशी हे मशीन नवंच आलेलं. चालवणारा बाहेरचा होता आणि त्याच्या कानावर आवाज मारायची ती मोठी झाकणं होती.

मंगळीनं एवढंच म्हटलं, की आमी राब पेटवायच्या आधी काठीनं झोडपतो, भोवती फिरतो, हाळी देतो. पाल्यात ससा असल, जनावर असल, कुनाचं लेकरू असल. कोन हाय गो आत, उठा, निघा. त्यानं हाळी नाय दिली. त्याला कोनी शिकवलीच नाय.

बोभाटा नको म्हणून कॉलनीवाल्यांनी खड्ड्यातला ढीग त्याच दिवशी पेटवून दिला. रुपाला काहीच दाखवलं नाही. मग ती राखेजवळ बसायची, नव्या पाचोळ्यातलं पान अन् पान उचलून बघायची. पावसात तापानं गेली.

जाताना मंगळीनं विचारलं, तुला पोर हाय का? म्हटलं, आहे, नऊ महिन्यांची, रविवारी येतेय. ती म्हणाली, आनू नको.

१३ मार्च, गुरुवार

रात्रभर विचार केला. अक्षदाला काय सांगू? मशीन रडतंय म्हणून येऊ नको? ती म्हणेल, शेखर, नोकरी गेली तर सरळ सांगा की.

मशीन सुरू करण्याआधी काठी घेतली. प्रत्येक झाडाखाली पाचोळा झोडपला आणि ओरडलो, कोण हाय गो आत? उठा, निघा, मशीन येतंय! माझं मलाच हसू आलं. पण दिवसभर एकदाही ते रडणं ऐकू आलं नाही.

१६ मार्च, रविवार

आल्या! छबू आधी माझ्याकडं बघून ओठ काढून बसली. मग मी तिच्यापुढं सागाचं पान चुरगाळलं. तो कर्रकर्र आवाज ऐकून ती अशी हसली! दुसरं पान दिलं, तिसरं दिलं. चौथ्या पानाला रांगत आली आणि माझ्या मांडीवर चढली. स्वतःहून. मी तिथंच बसून राहिलो, पाय बधिर झाले तरी हललो नाही.

अक्षदाला एकच नियम घातला. मशीन चालू असेल तेव्हा दाराला आतून कडी. का, ते नाही सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या हत्तीला एवढं काय घाबरायचं? पण कबूल झाली.

१९ मार्च, बुधवार

साहेबांनी बोलावलं. एका बंगलेवाल्यानं तक्रार केली आहे. सकाळी सकाळी कोणी काठ्या आपटतं, बोंबलतं, लोक इथं शांततेसाठी येतात. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी अर्ध्यातच हात वर केला. म्हणाले, त्या विषयावर इथं कोणी बोलत नाही. ओरडणं आजपासून बंद, नाहीतर खोली खाली कर.

खोली खाली म्हणजे त्या दोघी उंबरमाळीला. आणि छबूला मी पुन्हा पाहुणा.

हाळी मनातल्या मनात दिली. चालेल का, कोण जाणे.

२० मार्च

चालली नाही. रडणं परत आलं. पाइपमधून येतं, पेटीतून येतं, सीटखालून येतं. किल्ली फिरवली की बंद.

उतरलो, हातांनी पाचोळा उसकटला. काही नाही. खोलीकडं धावलो. छबू झोपलेली. अक्षदा वैतागली, आत्ता कुठं डोळा लागला होता तिचा.

२२ मार्च

आज पाच वेळा उतरलो. पाच वेळा उसकटलं. नखांत माती. एकदा वर बघितलं तर चार झाडं पलीकडं पाचोळा आपोआप बाजूला होत होता. वारा नव्हता. एकेक पान उचललं जायचं, उलटायचं, खाली ठेवलं जायचं. माझ्यासारखंच कोणीतरी गुडघ्यावर बसून –

मामांना सांगितलं. म्हणाले, तू हातानं शोधू नको रे. तिला वाटंल, तुला ठावं हाय.

२४ मार्च, सोमवार

आमच्या दारापासून सागांपर्यंत वाट झाडलेली. कोणी झाडली? अक्षदा म्हणते तिनं नाही. हातभर रुंद, एक पान नाही, एक खडा नाही, काडीही नाही. माणसाला चालायला एवढी साफ कशाला लागते?

रांगणाऱ्या पोराच्या गुडघ्यांना टोचू नये म्हणून –

नाही. असलं लिहायचं नाही. वाटेवर तीन पेट्या पाचोळा ओतला.

२५ मार्च

वाट पुन्हा स्वच्छ. आता उंबऱ्यापर्यंत.

अक्षदाला म्हटलं, माहेरी जा, पाडवा झाला की नेतो. सगळं नाही सांगितलं, जमलं नाही. ती खूप रडली. परत त्यांच्या दारात नाही जायचं मला, म्हणाली. छबू माझं बोट धरून उभी राहिली होती. पहिल्यांदा. माझं बोट धरून.

पाडव्यापर्यंत. पाच दिवस फक्त, राहू देत दोघी इथंच. मग दुसरीकडं कुठंही.

२६ मार्च

साहेब म्हणतात, काम निम्मं राहिलंय. सारखा उतरतोस कशाला? उद्या-परवा संपलं नाही तर सामान बांध.

ठरवलं. आता रडणं ऐकू आलं तरी थांबायचं नाही. ते खरं नाही. खरं असतं तर किल्लीबरोबर बंद झालं नसतं. कानावर झाकणं घातली. तरी येतं. झाकणांच्या आत येतं –

२७ मार्च

नाही थांबलो. एकदाही नाही.

दिवसभर ते रडत होतं आणि मी त्याच्यावरून –

कडी लावली होती. तीनदा बघून आलो.

वाट आज तीनदा झाडलेली. मी पाठ फिरवली की –

२८ मार्च, शुक्रवार. दुपार

सागांखालचा शेवटचा पट्टा साफ झाला, खोलीसमोरच मशीनवर बसलोय. डबा उघडला नाही. हे आधी –

रात्रीपासून वीज नाही. पत्रा तापलेला, छबूच्या पाठभर घामोळं. अक्षदाच्या डोळ्याला डोळा नाही. सकाळी मीच म्हटलं, दार उघडं ठेव, खाली आडवी फळी लाव. फळी तिला ओलांडता येत नाही –

हाळी दिली नाही. साहेब पाहुणे घेऊन उभे होते. ओठ हलवले नुसते –

रडणं आलं. आज फार जवळ. थांबलो नाही. थांबायचं नाही हे ठरलेलं –

मग ते थांबलं. मशीन चालू होतं. किल्लीला हात लावला नव्हता. मधेच, एकदम –

सकाळी ढीगही जागच्या जागी होता. एक पान हललेलं नाही. सापडलं असेल तिला. रुपाला. सुटली बिचारी. बरं वाटतंय. किती दिवसांनी बरं –

अक्षदा दारात आलीय. झोपेतून उठलेली दिसते. फळी पडलीय म्हणतेय. छबू तुमच्याकडं आली का, विचारतेय. माझ्याकडं कशी –