दोन तासांचा बर्फ

शनिवार, १० ऑगस्ट
सानाएचं पोस्टकार्ड. जावयाची बदली पार उत्तरेला, साप्पोरोला. २८ सप्टेंबरला दुपारी बारा वाजता सामानाचा ट्रक निघणार. खाली एवढंच: कळावं म्हणून कळवलं. दीड वर्षात पोरीचे हे पहिले शब्द. अर्थ उघड आहे. मी यावं असं तिला वाटतंय. बरेच शनिवार हाताशी आहेत, घाई नाही.

शनिवार, १७ ऑगस्ट, सकाळी ९
योजना पक्की. कोपऱ्यावरच्या दुकानातून चार क्रीम दाइफुकू घ्यायचे, तांदळाच्या मऊ पारीत क्रीम भरलेले. सानाए लहान होती तेव्हापासून आमच्या घरात तिथलेच. हामामात्सुहून लोकलने शिझुओका, पुढे बस. दारात उभं राहायचं, डबा द्यायचा आणि तीन शब्द बोलायचे. तुझं बरोबर होतं. अडतीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. तीन शब्द म्हणजे काहीच नाही.

त्याच दिवशी, दुपार
काउंटरवरच्या नोझाकीबाईंनी विचारलं, न्यायला किती वेळ लागेल. म्हणालो, दोन तास, मुलीकडे चाललोय. त्यांनी डब्यात चार आइसपॅक घातले. म्हणाल्या, नशीबवान आहे हो तुमची मुलगी. बाहेर ऊन कडक. अशा उन्हात क्रीम घेऊन फिरणं बेजबाबदारपणाचं. घरी आलो, पाच मिनिटं लागली. दाइफुकू त्याच दिवशी संपवायचे असतात, डब्यावर छापलेलं असतं. नियम म्हणजे नियम. चारही संपवले. आइसपॅक फ्रीझरमध्ये ठेवले, उपयोगी पडतील.

शनिवार, २४ ऑगस्ट
चार दाइफुकू. दोन तास. स्टेशनपर्यंत गेलो, ही प्रगती. पण बसचं वेळापत्रक बदललं असलं तर? चौकशी करून जाणं शहाणपणाचं. चारही संपवले.

शनिवार, ३१ ऑगस्ट
जावई शनिवारी घरी असतो हे आज स्टेशनवर सुचलं. त्याच्यासमोर बापाने चूक कबूल करायची, यात सानाएलाच अवघडल्यासारखं होईल. तिचा विचार करून परतलो. पँटचं बटण तुटलं. हल्ली धागे कच्चे वापरतात.

शनिवार, ७ सप्टेंबर
आरशासमोर सराव केला. ‘तुझं’ चांगलं येतं. ‘बरोबर’ला घसा बसतो. हवामान.
एकदा लिहूनच टाकतो. माझ्या बायकोने, योशिएने, हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात दाइफुकू मागितला होता. सानाए म्हणाली, आणा ना बाबा, एक घास खाईल. मी म्हणालो, बाहेरचं खाणं आणायला बंदी आहे, दारावर लिहिलंय. बंदी होतीच. नर्सबाई सानाएला म्हणाली होती, मी तिकडे बघणार नाही. तरी मी आणला नाही. मंगळवारी योशिए गेली. दहनानंतर अस्थी वेचताना सानाए एवढंच म्हणाली, एक घास होता हो बाबा. मी पुन्हा म्हणालो, नियम होता.
आज स्टेशनवर गेलोच नाही. चार खाल्ले.

शनिवार, १४ सप्टेंबर
लाजिरवाणा प्रकार. तसा क्षुल्लकच. घराच्या ओट्यावर बसून तिसरा दाइफुकू खात होतो. मिशांना पिठी. नोझाकीबाई सायकलवरून समोरून आल्या, थांबल्या. म्हणाल्या, अहो ओबातासान, तुम्ही इथे? मुलगीच आली वाटतं? मी म्हणालो, हो, आत झोपलीय. प्रवासाने दमलीय. त्या हळूच म्हणाल्या, झोपू द्या मग, माहेरी आलीय. आणि घंटी न वाजवता गेल्या.
हे खोटं नव्हे. घाईत दिलेलं उत्तर.

शनिवार, २१ सप्टेंबर
दुकानात गेलो नाही. वजन वाढलंय म्हणून. फ्रीझर उघडला तर वीस आइसपॅक. कोळंबी ठेवायला जागा नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर, रात्री ८
गेलो होतो.
दुकान दहाला उघडतं, लोकल १०.२१ ची. नोझाकीबाईंनी आज वेळ विचारलीच नाही. डबा बांधत म्हणाल्या, मुलगी घरातच आहे ना, मग बर्फ कशाला. खरं सांगायचं तर मागचं सगळं उलगडावं लागलं असतं. घरी जाऊन विसातले चार आणले असते तर गाडी चुकली असती. तसाच निघालो.
बाराला दहा कमी असताना पोचलो. ट्रक भरलेला. सानाए डोक्याला फडकं बांधून दारात उभी. वाळलीय. डबा दिला. तिने तिथेच उघडला. क्रीम फुटून पाऱ्या एकमेकींत मिसळल्या होत्या, चारांचा एक गोळा. मी म्हणालो, दुकानवाल्यांनी आइसपॅक घातले नाहीत. ती म्हणाली, फ्रिज सकाळीच ट्रकमध्ये गेला, बाबा. मग तिने बोटाने थोडं उचलून तोंडात घातलं. म्हणाली, आईला एवढंच हवं होतं.
तेव्हा बोलायचं होतं. तिने वाटही पाहिली. मी म्हणालो, क्रीम दहा अंशांच्या वर टिकत नाही.
जावयाने घड्याळ पाहिलं. सानाएने डबा बंद करून छातीशी धरला आणि परक्या माणसाला वाकतात तशी वाकली. म्हणाली, लांबून आलात, त्रास झाला तुम्हाला. म्हणालो, त्रास कसला, दीड तास.

शनिवार, ५ ऑक्टोबर
एकच दाइफुकू घेतला. नोझाकीबाई म्हणाल्या, मुलगी गेली वाटतं. म्हणालो, गेली. मग त्यांनी पहिल्यासारखं विचारलं, न्यायला किती वेळ लागेल.
पाच मिनिटं, म्हणालो.
देवघरात योशिएच्या फोटोपुढे ठेवला. तीन शब्द बोललो. घसा बसला नाही.
सानाएला फोन करावा असं मनात आलं. नव्या घरात लावालाव चालली असेल, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. मला भीती वाटते.