आईला चढता येईल अशी गाडी

बाबा, आपल्या घरी गाडी येते आहे. चांगली उंच, ऐसपैस, पाच माणसं सामानासकट मजेत बसतील अशी. तुम्ही जन्मभर रेल्वेचा पास खिशात घालून फिरलात आणि पास असताना गाडी घेणं म्हणजे घरात विहीर असून पाणी विकत आणणं, असं येईल-जाईल त्याला ऐकवत राहिलात, तेव्हा ही बातमी तुम्हाला जरा जडच जाईल. पण पुढचं ऐका. नुसती पेट्रोलची घ्यायची, की घरी प्लग लावून चार्ज करायची, विजेवर धावणारी आणि वीज संपली की पेट्रोलवर जाणारी घ्यायची, यावरून आमच्याकडे महिनाभर रण माजलं होतं. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं होऊन गेली. एरवी मी आठवणी काढत बसत नाही, पण रेल्वेच्या वीज खात्यात हाडं झिजवलेला माणूस घरात नाही आणि घरात वाद हा, हे मला अगदी असह्य झालं. आज शाळेला सुट्टी आहे, म्हणून चहा झाल्या झाल्या लिहायला बसले.

गाडीचा विषय निघाला तो आईमुळे. ती आता आमच्याकडेच असते, डमडमला. ऐंशी ओलांडली आहे, डोकं तल्लख आहे, तोंड त्याहून तल्लख आहे, गुडघ्यांनी मात्र साथ सोडली आहे. नागपूरच्या मावशीला आता नीट दिसत नाही, ती घराबाहेर पडत नाही. दोघी बहिणी रोज दुपारी फोनवर भांडतात, पण भेट नाही. मागच्या खेपेला हावड्याला गाडीत चढताना आईचा पाय पायरीपर्यंत उचललाच जाईना. मागे गर्दी साठली. शेवटी एक हमाल आणि दोन भले प्रवासी यांनी तिला उचलून आत ठेवलं. नागपूर येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. परत आल्यावर म्हणाली, "मी काय होल्डॉल आहे? असं कुणी उचलून चढवणार असेल तर मला कुठेही जायचं नाही." विमानाचं विचारलं तर तिथेही व्हीलचेअर, म्हणून तेही नाही. तेव्हापासून तिचं माहेर बंद झालं. म्हणून मी म्हटलं, आपण गाडी घेऊ. जिच्यात ती आपली आपण चढेल अशी. वाटेत दोन मुक्काम करू, पण तिला मावशीच्या दारात नेऊन उतरवू.

आता जावयाची ओळख करून द्यायला हवी, तुम्ही त्याला पाहिलंच नाहीत. बंगाली आहे, डमडमचाच जन्म, स्वभावाने गरीब आणि मताने हट्टी. आईशी तो मराठीतच बोलतो आणि आई त्याला बंगालीत उत्तर देते, असा त्यांचा बरा चाललेला संसार आहे. त्याचं म्हणणं, "पेट्रोलई भालो," म्हणजे पेट्रोलच बरं. पेट्रोल कुठेही मिळतं, मिस्त्री कुठेही मिळतो. दोन यंत्रं म्हणजे दोन डोकेदुख्या, आणि संबळपूरच्या पुढे एखाद्या घाटात तुझी वीज रुसली तर तिची समजूत कोण काढणार? तुमची नात कॉलेजात आहे, ती पक्की प्लगवाली. तिचं म्हणणं, वर्षातले बाकीचे सगळे दिवस आपण डमडम ते सियालदह आणि परत, एवढंच तर करतो. आईची, म्हणजे मी शिकवते ती, शाळा तिथे, तिचं कॉलेज तिथे. तेवढं विजेवर सहज होतं, मग पेट्रोल कशाला जाळायचं? मी वरवर दोघांचं ऐकून घेत होते, पण मी कुणाची मुलगी आहे हे तुम्हाला सांगायला नको. जाहिरातीतलं ते चित्र, खाली बॅटरी आणि पुढे इंजिन, पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मी मनानं त्यात जाऊन बसले होते. आईला मत विचारलं तर म्हणाली, "मला काय विचारता बाप्पा, मी काय इंजिनात बसणार आहे?"

तिचं हे बोलणं ऐकलं आणि मला आपली नागपूरची वारंवार केलेली वाट आठवली. तेव्हा रुळांवरची विजेची तार अर्ध्या रस्त्यापर्यंतच होती. सकाळच्या चहाच्या सुमारास तार संपायची ते जंक्शन यायचं. विजेचं इंजिन सुटून जायचं आणि डिझेलचं धुरकटत त्याच्या जागी येऊन लागायचं. गाडी पुरती थांबायच्या आत तुम्ही खाली उतरलेले असायचात, माझा हात धरून, पायात घरातल्या चपला. मी अजून बघते आहे, तुम्ही वाकून कपलिंगकडे बोट दाखवताय, "बघ, आता ठोका बसेल, पण डब्यातल्या लोकांना कळणारसुद्धा नाही." एक वर्षी मला ताप होता म्हणून तुम्ही एकटेच उतरलात आणि रमलात. गाडी सुटली. आई खिडकीतून बघतेय, फलाट सरकतोय आणि तुमचा पत्ता नाही. तिच्या मांडीवर पुरी-भाजीचा डबा तसाच उघडा. पुढच्या स्टेशनवर तुम्ही इंजिनाच्या बाजूने चालत आलात, सदऱ्यावर तेलाचे डाग, चेहरा असा की जणू लग्न ठरलंय. ड्रायव्हर ओळखीचा निघाला म्हणे. आई इतकंच म्हणाली, "तुम्हाला इंजिन दिसतं. डबे कधी दिसायचे?" तुम्ही हसलात आणि पुऱ्या संपवल्यात. माझ्या वाटणीच्यासुद्धा.

आणि खरं सांगू, तुमच्या खात्याला जमलं त्याच्या आधीपासून आईला दोन्हीवर गाडी चालवणं जमत होतं. गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरचं ते स्वयंपाकघर आठवा. खिडकीतून नदीचा वारा, आणि ओट्यावर एकीकडे तुम्ही बसवून दिलेला विजेचा हीटर, दुसरीकडे रॉकेलचा स्टोव्ह. गॅसचा सिलिंडर महिनामहिना यायचा नाही. भात हीटरवर चढायचा आणि लोडशेडिंग ठरल्यासारखं मध्येच यायचं. अंधारात पाटीवर माझी गणितं अर्धवट राहायची, पण आईचा हात न चाचपडता पातेलं उचलून स्टोव्हवर ठेवायचा. पंपाचे चार दट्टे, निळी ज्योत, आणि झाकण पुन्हा खदखदायला लागायचं. ऑफिसातून तुम्ही वीज का गेली याची कारणं घेऊन यायचात, तोवर पानं वाढलेली असायची.

तर गेल्या रविवारी सगळी वरात शोरूमला गेली. आईनं ठेवणीतली टसर नेसली होती, मावशीला आधीच फोन करून "गाडी बघायला चाललोय" असं मुलगी बघायला निघाल्यासारखं सांगितलं होतं. तिथल्या मुलीनं फार आदरानं तिला समजावलं, "मासीमा, चार्ज खतम होगा तो गाडी अपने आप पेट्रोल पे चला जाएगा." आई म्हणाली, "समझ गया. हीटर गया तो स्टोव." ती मुलगी गोंधळली, मी मात्र हसून हसून बेजार. मग दार उघडलं आणि माझं हसू गेलं. आईनं वरचं हँडल धरलं, डावा पाय उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. गुडघा वाकेना, साडी अडकायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावर तोच हावड्याचा भाव आला. जावई धावून तिला उचलायला पुढे झाला. मी त्याचा शर्ट मागून धरून ओढला. आता कुणाचा हात लागला असता तर नागपूर कायमचं संपलं असतं. महिनाभर आम्ही बॅटरी मोजली, डिकी मोजली, मायलेजवरून अबोले धरले, आणि गाडी उंच असते आणि आईचे गुडघे वाकत नाहीत, हे एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.

तुमची नात शांतपणे बघत होती. म्हणाली, "आजी, हा ट्रेनचा डबा नाहीये. उलटी फिर. पाठ कर गाडीला. आधी बस, पाय नंतर आण." बाबा, किती साधं आहे बघा. आपण सगळे कुठल्याही गाडीत आगगाडीत चढावं तसेच चढतो, तोंड आत, हात दांडीला, पाय पायरीवर. तुम्ही शिकवलंत तसं. टॅक्सीतसुद्धा मी तशीच शिरायचे आणि डोकं आपटून घ्यायचे, आणि डमडमचा हा माणूस आधी टेकतो आणि मग पाय आत घेतो, हे लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या नजरेत आलं नव्हतं. आई वळली. सीट बरोबर तिच्या कमरेच्या उंचीची. ती टेकली, जरा मागे सरकली, आणि एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. निऱ्या सारख्या केल्या. बेल्टही तिनं कुणाकडून लावून घेतला नाही, स्वतः शोधून लावला. मग आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाली, "उभे काय राहिलात? चला की." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी रुमालानं चष्मा पुसतेय असं दाखवून लपवलं.

आधी पेट्रोलची फिरवली. बरी होती, तक्रार काही नाही. मग प्लगची. विमानतळाच्या रस्त्याला लागलो तरी आई विचारतेय, "सुरू कधी करणार?" खिडकीबाहेर झाडं पळत होती आणि आत आवाज म्हणून नाही. जावई स्टिअरिंगला बसला आणि दर वळणाला त्याचं 'पेट्रोलई भालो' पातळ होत गेलं. परत शोरूमपाशी आल्यावर त्या मुलीला हळूच म्हणतो, "और एक चक्कर?" दुसऱ्या चकरेत वीज संपून इंजिन लागणार होतं. मी ठरवून पुढच्या पडद्याकडे डोळे लावले होते, तो क्षण तुमच्यासाठी टिपून ठेवायचा म्हणून. पण मागे आई नातीला मावशीच्या घराची वाट समजावत होती, कुठल्या चौकातून आत वळायचं, संत्र्याची गाडी कुठे उभी असते. मी वळून ऐकत राहिले. पुन्हा पुढे पाहिलं तेव्हा इंजिन केव्हाच लागलं होतं आणि आम्हा कुणाला कळलं नव्हतं.

बुक करून टाकली. प्लगचीच. खालच्या गॅरेजमध्ये पॉइंट बसवायचं काम जावयानं स्वतः अंगावर घेतलंय, आणि कालपासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन यंत्रं असण्याचे फायदे सांगतोय. आईनं मावशीला फोन केला. मावशीनं रंग विचारला, किंमत विचारली. आई म्हणाली, "ते मला ठाऊक नाही. पण मी आपली आपण चढले. तू दार उघडं ठेव." आत्ता ती आतल्या खोलीत बॅग भरते आहे. गाडी यायला अजून अवकाश आहे असं सांगितलं, तरी भरते आहे.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, आणि टाकायचं तरी कुठे? टेबलाच्या खणात राहील. राहणारच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकते. मावशीसाठी, आईसाठी गाडी, असं मी सगळ्यांना सांगते आहे आणि सगळे मला गुणाची मुलगी म्हणताहेत. पण आईला चढता येईल असं मला मनातून वाटलंच नव्हतं. तिला जमलं नसतं, तरीही मी ती गाडी घेतली असती. मला हवी होती ती, पहिल्या दिवसापासून. आईला हे सांगू नका. आणि मला रागावायच्या आधी एवढं सांगा, तुम्ही तरी दर सुट्टीत एवढ्या हौसेनं तिच्या माहेरी कशासाठी निघत होतात?