खडीच्या वाफ्याचा हिवाळा

९ नोव्हेंबर

हिवाळ्यात तळ्याचा पंप बंद करणार नाही. ठरलं!

रेनो म्हणतो, "गावात सगळे बंद करतात, मार्लिस. तू काय वेगळी लागून गेलीस?" नवरा म्हणून त्याचं गेल्या वर्षी ऐकलं. तळ्यावर बर्फाचं झाकण बसलं, खाली हवा कोंडली आणि एप्रिलमध्ये मी नऊ मेलेले कोई, माझे शोभेचे रंगीत मासे, जाळीने उचलून काढले. रेनोने खड्डा खणला. चार उरलेत.

यंदा पाणी वाहतं ठेवायचं. तळ्यातून पंपाने खडीच्या वाफ्याखाली, तिथून मुळांमधून गाळून वर, आणि काठाच्या सपाट दगडावरून परत तळ्यात. वाहतं तिथे झाकण बसणार नाही. निदान मला तसं वाटतं.

१० नोव्हेंबर

वाफ्यातली लव्हाळी कापली. पंप तळातून उचलून दुधाच्या क्रेटवर ठेवला. तळाशी जी थोडी ऊब राहते ती माशांची — ती ढवळायची नाही. बोटं अजून बधिर आहेत.

२ डिसेंबर

उणे अठरा. वाहतंय!

१४ डिसेंबर

शेजारच्या झुपानबाई कुंपणावरून — "सारखा तो खळखळाट! घरात नळ उघडा राहिलाय असं वाटून मी चारदा उठते!"

म्हटलं, मासे जगायला हवेत ना.

"मासे तळून खायचे असतात." दार आपटलं.

एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. ऑगस्टमध्ये त्यांचा नवरा स्टॅन गेला, तेव्हापासून जिभेला भलतीच धार आलीय.

२६ डिसेंबर

दर नाताळला बाईंकडून पोटित्सा, अक्रोडाचं सारण भरलेली गोड पावरोटी, यायची, फडक्यात गुंडाळून, गरम गरम. यंदा नाही आली. मीही विचारलं नाही. रागावल्या असतील तर असू देत.

८ जानेवारी

उणे एकतीस. वाफ्यावर बर्फाचा घुमट चढलाय. ओणवी होऊन कान लावला — आत पाणी चालू आहे! मागून रेनो, "काय डॉक्टरीणबाई, नाडी लागतेय का?"

लागतेय.

१९ जानेवारी

रात्र झालीय, पण लिहिते.

सकाळी बघते तर तळ्यातलं पाणी हातभर खाली! सपाट दगडापाशी बर्फाचा बांध झालेला, आणि पाणी तळ्यात परत यायचं सोडून कुंपणाखालून झुपानबाईंच्या अंगणात चाललेलं. बांध कशाने? तर त्यांच्याकडे बर्फ साफ करायला माणूस येतो, त्याने यंत्राने सगळा ढीग माझ्या वाफ्यावर उडवलेला! पंप बंद केला. रेनोला म्हटलं, गोठायच्या आत पाइप रिकामा कर. आणि तणतणत निघाले पलीकडे.

बाई मागच्या पायरीवर बसल्या होत्या. मी फाटकापासूनच सुरू झाले — "तुमचा बर्फ माझ्या वाफ्यावर का? चार मासे उरलेत माझे, तेही मारायचेत का तुम्हाला?"

त्यांनी सावकाश मान वर केली. "बर्फ देव टाकतो. जाऊन त्याला विचार! आणि तुझं पाणी माझ्या अंगणात काय करतंय, ते सांग आधी!"

तावातावाने उठायला गेल्या आणि कठडा धरून तशाच लोंबकळल्या. तेव्हा कुठे मला दिसलं. अंगात कोट नाही. पायात घरातल्या सपाता. ओठ निळे.

"घसरले," म्हणाल्या.

रेनोला हाका मारल्या. दोघांनी उचलून आत नेलं, सापडेल ते पांघरूण गुंडाळलं. अँब्युलन्सबरोबरची मुलगी म्हणाली, अजून अर्धा तास गेला असता तर काही खरं नव्हतं.

आत्ता हॉस्पिटलमधून आलो. पायाची बोटं शाबूत. दहाच्या दहा! मला इतकं हलकं वाटलं की गाडीत हसूच यायला लागलं.

तळ्याकडे नंतर दिवसभर बघितलंसुद्धा नाही.

२० जानेवारी

दोघं मिळून बांधावर गरम पाणी ओतत बसलो, किटलीमागून किटली. घाव घालायचा नाही, दणका माशांपर्यंत पोचतो. दुपारी वाट मोकळी झाली. घरातलं पाणी क्लोरीन घालवायचं औषध घालून तळ्यात भरलं. पंप लावला. आधी गुरगुर. मग काहीच नाही. मग — आलं! रेनो टोपी उडवून नाचला. उणे बावीसमध्ये!

२ फेब्रुवारी

बाई घरी आल्यात. रोज सूप नेऊन देते. रोज ऐकते, "मीठ कमी."

२३ फेब्रुवारी

"आज बरंय." !!!

१७ एप्रिल

चारही आहेत! चारही!! सुस्तावलेले, पण पोहतायत. वाफ्यात हिरवे कोंब. खडीवर बसून रडले. रेनो म्हणतो, "पुढच्या वर्षी त्यांना स्वेटर विणशील ना?" म्हणाला, आणि मग स्वतःच नाक पुसत आत गेला.

३ मे

झुपानबाई काठी टेकत तळ्यावर आल्या. चारही मासे मोजले. मग माझ्याकडे न बघताच, "त्या दिवशी मी घसरले नव्हते, मार्लिस. जाऊन बसले होते. उठायचंच नव्हतं मला. पण तू भांडायला आलीस, आणि तुला उत्तर दिल्याशिवाय राहवेना."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही.