कॉरिडॉरमध्ये दार नव्हते

रत्नागिरी,
२७ मे २००३

प्रिय नीरजा,

हे पत्र वाचून होईपर्यंत कायद्याचा किंवा भाषाशास्त्राचा, कोणताच प्रवेश अर्ज भरू नकोस, एवढी एकच विनंती आरंभी करतो. परवा रविवारी आपले फोनवर जे बोलणे झाले, त्याकडे मी शेवटी येणार आहे. त्याआधीचे एक प्रकरण निकाली निघाल्याशिवाय त्याविषयी लिहिणे योग्य होणार नाही. मुद्दे क्रमाने घेण्याची माझी सवय तुला नवी नाही, आणि ती तुला कंटाळवाणी वाटते हे मलाही नवे नाही.

इकडे सर्व ठीक आहे. हापूस संपत आला. तुझ्या आईने अंगणात आंबापोळी वाळत घातली आहे आणि कावळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडे सोपवले आहे. तीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतर मिळालेले हे पहिले जबाबदारीचे पद. कामात सोबत म्हणून शेजारचे महिपत येऊन बसतात. त्यांच्या बोटीवरच्या गोष्टी तू लहानपणी तासन्‌तास ऐकायचीस. मी कधी ऐकल्या नव्हत्या. त्यांत पुराव्यापेक्षा रंग अधिक असतो असे माझे मत होते.

गेल्या बुधवारी ते एका इटालियन मालवाहू जहाजाविषयी सांगत होते. तिथला मुख्य खलाशी दिवसभर यांच्या मागे ‘कोर्री, कोर्री’ म्हणून ओरडे. त्याचा अर्थ ‘पळ’. मग सहज म्हणाले, “म्हणून तर त्या बोळाला कॉरिडॉर म्हणतात ना हो, सर. पळायची जागा. नीरजाला मीच सांगितलेलं.” मी कावळ्यांवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिले. तेव्हा माझ्याकडे बघून म्हणाले, “तुम्हाला ठाऊक नव्हतं होय? मग शिकवलंत काय तीस वर्षं?” मी उठून आत गेलो आणि मोठा शब्दकोश काढला. तेवढ्यात कावळ्याने आंबापोळीचा एक कोपरा नेला. आईचे त्यावरचे भाष्य इथे देत नाही.

तुझ्याही डोळ्यांसमोर आता जानेवारी १९९९ आला असेल. तू अकरावीत होतीस. कनिष्ठ महाविद्यालयांच्या शब्दस्पर्धेची अंतिम फेरी होती आणि परीक्षक मी होतो. ‘कॉरिडॉर’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगा, हा प्रश्नही मीच काढलेला. या शब्दाच्या शेवटी ‘डोअर’ आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना दारे असलेली वाट तो कॉरिडॉर, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत होती. ती मी कधी तपासली नव्हती, कारण ती सुसंगत होती. तू उभी राहून म्हणालीस, “पळण्याची जागा.” सभागृह हसले. त्याच इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये ‘येथे पळू नये’ अशी पाटी होती. मी म्हणालो, “अंदाज म्हणजे अनुमान नव्हे, कुमारी नीरजा.” तू म्हणालीस, “बाबा, शब्दकोश बघा ना.” आणि मी सांगितले की इथे कोणी बाबा नाही, इथे परीक्षक आहे. तुमचा संघ देवरूखच्या मुलांकडून एका गुणाने हरला.

शब्दकोश टेबलावरच होता. तो मी का उघडला नाही, याचे खरे कारण मी कोणालाही सांगितलेले नाही. दुसऱ्या कोणाच्या मुलीने मागणी केली असती तर मी तो तत्काळ उघडला असता. स्वतःच्या मुलीसाठी उघडणे हा पक्षपात दिसेल, असे मला वाटले. म्हणजे पक्षपात टाळण्यासाठी मी तुझ्याविरुद्ध पक्षपातच केला. असा हेत्वाभास वर्गात कोणी केला असता तर मी त्याला बाकावर उभे केले असते.

शब्दकोश स्पष्ट आहे. शब्द इटालियनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. मुळाशी ‘धावणे’ हे क्रियापद आहे आणि दाराचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तू बरोबर होतीस. मी चूक होतो. हे वाक्य लिहायला मी सहा दिवस घेतले, पण लिहून झाल्यावर मात्र छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटते आहे. तशी अपेक्षा नव्हती.

हरल्याचे तुला फारसे दुःख झाले नसावे. झाले ते निराळेच. तोवर तू जेवताना, अभ्यास करताना, बाजारात जातानाही माझ्याशी वाद घालायचीस. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी काहीतरी म्हणालो आणि तू म्हणालीस, “बरं, बाबा.” तेव्हापासून चार वर्षे मी ते ‘बरं’ ऐकत आलो. पुण्याला जा, बरं. वसतिगृहात राहा, बरं. पदवीनंतर कायदा कर, बरं. ज्याला आयुष्यभर प्रतिवादी लागला, त्याच्या घरातला सर्वांत चांगला प्रतिवादी गप्प झाला होता, आणि त्या शांततेला मी समंजसपणा समजत होतो.

आता रविवार. कायद्याची सात कारणे मी फोनवर मांडायला घेतली, आणि चौथ्यावर तू मला थांबवलेस. “नाही, बाबा. तुमचा मुद्दाच चुकतोय. मला भाषाशास्त्रच करायचंय.” एवढे बोलून तू फोन ठेवलास. आज सकाळी मी अंघोळीला गेलेला असताना तुझा आईला पुन्हा फोन आला. बाबांना सांग, रागात बोलले, बोललेलं मागे घेते, अर्ज कायद्याचाच भरते. तुझी आई घाबरत घाबरत मला हे सांगत होती, कारण रविवारपासून मी गप्प होतो आणि तिने त्याचा अर्थ राग असा लावला होता. तो राग नव्हता, नीरजा. इतक्या दिवसांनी तू मला ‘नाही’ म्हणालीस आणि मला तो शब्द कोणाशी बोलून खर्च करायचा नव्हता. हे पत्र त्यासाठीच आहे. कायद्याविषयीचे माझे मत बदललेले नाही, आणि उरलेली तीन कारणे तयार आहेत. शनिवारी ये, ती खोडून काढ, आणि मग तुला हवा तो अर्ज भर. पण बोललेले मागे घेऊ नकोस.

तुझाच,
बाबा