पुतळा नको म्हणणे हा विनय समजू नये, याबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
माजी सैनिक सन्मान विभाग,
युनहा जिल्हा कार्यालय, गांगवोन प्रांत, दक्षिण कोरिया.

विषय : सोलगोगे गावच्या वेशीवरील माझा नियोजित पुतळा रद्द होऊन मला गाव सोडण्याची मोकळीक मिळणेबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज. (पैकी दुसरा आपल्या कार्यालयाच्या जिन्यापाशी काचेच्या चौकटीत 'विनयाचा आदर्श' म्हणून लावलेला आहे.)

महोदय,

मी, हाम दालसू, व्हिएतनामच्या लढाईतला शौर्यपदकधारी सार्जंट, आपणांस तिसऱ्यांदा लिहीत आहे. पदक खरे आहे. दोन जखमी सोबत्यांना मी खांद्यावरून नदीपार आणले, हेही खरे आहे. परतल्यावर ओढ्यावरचा पूल बांधून घेतला आणि दर हिवाळ्यात गावातल्या एकट्या बायांच्या अंगणातला बर्फ उपसत आलो, ते कोणी नाकारत नाही, मीही नाही. तेव्हा कमीपणा घेण्याचा माझा मुळीच हेतू नाही, हे प्रथम नोंदवून घ्यावे.

१. आपल्याकडे मान घेताना तीनदा नको म्हणायचे आणि मग दोन्ही हातांनी घ्यायचा, अशी रीत आहे. दारावरच्या पितळी पाटीला मी रीतसर तीनदा नको म्हटले आणि घेतली. तिथवर ठीक होते. वेशीवरच्या गौरवशिळेला मात्र मी चौथ्यांदाही नको म्हटले, कारण ती मला खरोखरच नको होती. त्यावर आपल्या विभागातील श्री. थाक सभेत शेजारी बसलेल्याला म्हणाले, "जुनी माणसं ही. यांच्यात चारदा असेल." मी संतापून सभेतून उठून गेलो. इतिवृत्तात 'मानकरी संकोचाने बाहेर गेले' अशी नोंद झाली आणि शिळेची उंची हातभर वाढवण्यात आली.

२. शिळेमुळे आमचे गाव 'सन्मानित गाव' ठरले व मानकरी गावात राहतो आहे तोवर दिवसाआड बस सुरू झाली. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या त्या बसने दवाखान्यात आणि सार्वजनिक न्हाणीघरात जातात. मी गेलो की बस गेली. आता आपले पत्र म्हणते की पुतळा उभा राहिल्यावर मानकऱ्याने तहहयात गावातच राहून शाळकरी मुलांना मार्गदर्शन करावे. गावात शाळकरी मूल एकही नाही.

३. तरीही गेल्या महिन्यात मी बॅग घेऊन थांब्यावर उभा राहिलो. बस आली, पण चालकाने पुढचे दार उघडले नाही. खिडकीतून म्हणाला, "काका, तुम्ही चढलात तर परवापासून मी कुणासाठी येऊ?" तेवढ्यात मागच्या दाराने उतरलेल्या बायांनी माझी बॅग काढून घेतली. गावप्रमुख श्री. बांग इनहो टाळ्या वाजवत म्हणाले, "लाजतायत हो काका! बघा, मान नको म्हणून पळून चाललेत. पुतळा आता बॅगेसकटच करू." त्या आठवड्यात मूर्तिकार येऊन बॅगेचे माप घेऊन गेला. त्या बायांवर माझा राग नाही. त्यांचे गुडघे मला ठाऊक आहेत. पण आगीतून निघून फुफाट्यात पडावे तसे माझे झाले आहे. जितके नको म्हणावे तितका मान वाढतो आणि जितका मान वाढतो तितका मी इथे अधिक घट्ट बसतो.

४. यावर उपाय आहे. माझ्या पलटणीतील कै. शिपाई प्यो यांच्या बहीण श्रीमती प्यो बुनी गावातच राहतात. थंडीच्या तोंडाला अख्ख्या गावाची कोबीची आंबट-तिखट किमची त्यांच्या अंगणात घातली जाते. आजाऱ्याच्या दारात पेजेचे भांडे ठेवून त्या निमूट निघून जातात. मानकरी म्हणून त्यांचे नाव लावावे, म्हणजे बसही चालू राहील. मी त्यांना विचारून पाहिले. त्या म्हणाल्या, "द्या म्हणावं, दादा! पाटी द्या, पुतळाही द्या. नको नको करायला मी काय नवी नवरी आहे?" अशी व्यक्ती आपल्या विभागास पुन्हा मिळणार नाही.

५. घरातले दुखणे सरकारदरबारी मांडू नये, या समजुतीने खरे कारण मी आधीच्या अर्जांत लिहिले नाही. ते चुकले. माझी पत्नी ओक सुन्ये उपचारांसाठी इंचनला मुलगी योंगरान हिच्याकडे असते. तिची स्मृती जात चालली आहे. मी लढाईवर होतो तेव्हा, दूर गेलेल्या माणसासाठी आपल्या घरोघरी ठेवतात तसा, ती रोज संध्याकाळी माझ्या वाट्याचा भात झाकणाच्या वाडग्यात भरून, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर गोधडीखाली ठेवत असे. मुलगी सांगते, आईने पुन्हा वाडगा ठेवायला सुरुवात केली आहे. सकाळी तो गार भात मुलगी खाते आणि रडते. सुन्येच्या लेखी मी अजून लढाईवरच आहे.

फोनवर ती माझा आवाज अद्याप ओळखते. किती दिवस ओळखेल, ते डॉक्टर सांगत नाहीत. परवा तिने विचारले, "सगळ्यांचे परत आले हो. तुम्हाला सुटी कधी देणार?"

महोदय, मला सुटी मंजूर व्हावी.

आपला नम्र, आणि या वेळी केवळ नम्र नसलेला,

(सही)
हाम दालसू
निवृत्त सार्जंट, मुक्काम सोलगोगे
दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत : श्रीमती प्यो बुनी यांची लेखी संमती.