गोठ्यामागचे जुने टायर

वहिनी,

देवळातून आलात की आधी हे वाचा. मी सर्व्हिस मोटारीने पोलादपूरला निघालोय. गाडी घेऊन निघालेले दादा तिथे चहाला थांबले असले, तर कशेडी घाटाच्या आधी गाठतो.

गाडीचे मागचेच टायर भराभर झिजतात, म्हणून आपण रस्त्याला शिव्या घालत बसलो. काढून टाकलेले टायर आज गोठ्यामागे उलटून पाहिले. ते सारखे झिजलेले नाहीत, जागोजाग तासल्यासारखे सपाट झालेत. म्हणजे घाट उतरताना चाक मोकळं फिरत नव्हतं, मधूनमधून अडकून फरफटत होतं. बैलगाडीच्या चाकाला लाकूड आवळावं तसा दादा माथ्यावर हातब्रेक ओढतात आणि पायथ्याला सोडतात. "पायाच्या ब्रेकावर माझा इश्वास नाय," हे त्यांचं नेहमीचंच. गाडी उभी असते तिथे काळी पूड सांडलीय, जळका वास येतोय. ब्रेकचे पट्टे संपलेत, वहिनी. आता दांडा कितीही ओढला तरी गाडी थांबायची नाही.

आईला इतक्यात काही बोलू नका.

आणि तुमच्या लेकीला, आवडीला, घरात शोधू नका. नवे टायर बसेपर्यंत तिला गाडीत न्यायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतंत. काल ते बसले, म्हणून दादा तिला शेजारी बसवून घेऊन गेलेत.

केशव