आईची ठुशी

म्हाळसे,

शतायुषी हो. आज हे सवयीनं लिहिलेलं नाही.

माझ्या गळ्यावरच्या गाठीचं मी तुला हसत सांगितलं होतं, की पोरांकडून धातुरूपं घोकून घेऊन गळा सुजलाय. डॉक्टरांना व्याकरणाची गोडी नसावी. त्यांनी रक्तातलं कॅल्सिटोनिन नावाचं प्रथिन तपासलं. ते फार वाढलेलं निघालं. सुईनं गाठ तपासली, तर थायरॉइडचा कॅन्सर. लवकर सापडलाय, ऑपरेशननं निभेल म्हणतात. माझं मी सोसेन. पण डॉक्टर पुढं म्हणाले, "बाई, हा प्रकार घराण्यात उतरू शकतो. बहिणीचंही रक्त तपासून घ्या."

आई गळ्याच्याच दुखण्यानं गेली. त्याआधी ठुशी आवळते म्हणून ती दागिने गाठणाऱ्या पटवेकऱ्याकडून मागचा गोंड्याचा दोरा वाढवून घ्यायची, आणि आपण चिडवायचो, "आई, सुख अंगी लागलंय!" आता ती ठुशी तुझ्या गळ्यात आहे. परवा लग्नात तू मान पुढं केलीस, "आक्के, सैल कर गं, लई आवळती." मी म्हटलं, "दौंडचं पाणी मानवलं म्हणायचं!" सगळ्या हसल्या.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. तू ते उशीखाली सारशील आन् म्हणशील, "बघू दिवाळीनंतर." उद्या सकाळच्या एसटीनं मीच येते. लॅबमध्ये तुझा हात धरून बसेन. पण तुझंही कॅल्सिटोनिन वाढलेलं निघालं, तर तुझ्या लेकाचं, रुद्रचं रक्त तपासावं लागेल. ते तुला कोणत्या तोंडानं सांगू?

तुझी भ्यालेली,
सुषमाआक्का